वडिलांचा व्यवसाय

जून महिन्यात शाळेत प्रवेशाचे अर्ज भरून घेण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. अर्जात एक रकाना असतो : वडिलांचा व्यवसाय. मुलाला विचारले की ते क्षणभर थांबते, इकडेतिकडे पाहते आणि खालच्या आवाजात म्हणते, "मजदूरी, सर." त्या क्षणभराच्या थांबण्याची आम्हाला चांगली ओळख आहे. आठवीपासून बी.एड.च्या प्रवेशापर्यंत आम्ही स्वतः त्या रकान्यात 'व्यापार' असे लिहीत आलो.

अब्बा व्यापार करत नव्हते. सायकलवर सान बांधून ते मिरज-सांगलीच्या गल्ल्यांतून हाळी देत फिरत. चाकू, कात्री, विळी, खाटकाचा सुरा, न्हाव्याचा वस्तरा, जे येईल त्याला धार लावत. आम्ही शिकलगार. आमच्या पणजोबांपर्यंत घरात तलवारी यायच्या असे अम्मी सांगायची. आमच्या वाट्याला विळ्या आल्या.

नववीत असताना एकदा आम्ही मित्रांबरोबर बाजारात उभे होतो. समोरून अब्बांची सायकल आली. आम्ही वळून एका दुकानातल्या वह्या पाहू लागलो. अब्बांनी हाक मारली नाही. घरी आल्यावरही त्यांनी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे पुढे कितीतरी वर्षे वाटत राहिले.

हा लेख खरे तर जपानी तलवारीच्या एका लहानशा तांब्याच्या भागाविषयी आहे. तो भाग आम्ही स्वतःच्या हाताने, नवशिक्यासारखा, चुकत-माकत घडवला. पण सुरुवात इथूनच करावी लागते.

जपान सरकारची शिक्षकांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. वय पस्तिशीच्या आत आणि शाळेत शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा. निवड झाल्यावर दीड वर्ष तिकडच्या विद्यापीठात राहून अध्यापनाचा अभ्यास करायचा. आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. अर्ज केला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये हसू पिकले होते, आणि आम्हालाही फारशी आशा नव्हती. पण ऑक्टोबर 2022 मध्ये आम्ही गिफू शहरात पोहोचलो. बायको आणि लेक मिरजेत अब्बा-अम्मींजवळ राहिल्या. सुरुवातीचे सहा महिने जपानी भाषा शिकण्यात गेले. पुढचे एक वर्ष वर्गातले प्रयोग कसे घ्यावेत याचा अभ्यास.

एके दिवशी फोनवर अब्बांनी विचारले, "वहाँ चाकू अच्छे बनते क्या रे?" चौकशी केली तेव्हा कळले की जपानातले चाकूंचे सर्वांत नावाजलेले गाव, सेकी, आमच्या गिफूपासून बसच्या रस्त्यावर आहे. सुमारे सातशे वर्षांपासून तिथे तलवारी घडत आल्या. आज तिथे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कात्र्या, दाढीची पाती तयार होतात. अब्बांसाठी एक सुरी घ्यावी म्हणून आम्ही एका रविवारी सेकीला गेलो.

तिथे तलवारकामाचे एक संग्रहालय आहे. ठरावीक दिवशी लोहार तिथे लोकांसमोर लाल पोलाद ठोकून दाखवतात. घण पडतो, ठिणग्या उडतात, गर्दी मोबाईल वर करते. बाजूच्या दालनात मात्र शांतता होती. कोणी मुठीवर रेशमी फीत गुंडाळत होते, कोणी म्यानासाठी लाकूड कोरत होते. कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ पेरभर लांबीचा तांब्याचा तुकडा कानशीने घासत बसले होते. त्यांच्यासमोर कोणी उभे नव्हते. आम्ही उभे राहिलो.

जपानी तलवार म्हणजे नुसते पाते नव्हे. मूठ आणि पाते यांच्यामध्ये हाताच्या रक्षणासाठी एक चकती असते, तिला त्सुबा म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना पातळ वायसरसारख्या दोन पट्ट्या असतात, त्या सेप्पा. मुठीच्या तोंडाशी फुची, टोकाला काशिरा, आणि गुंडाळलेल्या फितीखाली मेनुकी नावाची लहान नक्षीदार जोडी. हे सगळे लोक कौतुकाने पाहतात, संग्रही ठेवतात. पण पात्याच्या बुंध्याशी, गळपट्टीसारखा बसणारा आणखी एक भाग असतो. त्याचे नाव हाबाकी. तो करणाऱ्या कारागिराला शिरोगानेशी म्हणतात.

हाबाकीचे काम दिसायला साधे आहे. पात्याला धारेच्या बाजूने एक आणि पाठीच्या बाजूने एक अशा दोन खाचा असतात. तिथून खाली मुठीत जाणारा भाग सुरू होतो. हाबाकी खालून चढवत आणायची, ती त्या दोन खाचांवर येऊन थांबते. तलवार म्यानात घातली की ही हाबाकी म्यानाच्या तोंडात घट्ट बसते. त्यामुळे पाते आतल्या लाकडाला टेकत नाही, घासत नाही, आणि तलवार पालथी धरली तरी घरंगळून बाहेर येत नाही. म्हणजे तलवार म्यानात राहते ती या तांब्याच्या जोरावर. दोन पाती कधी हुबेहूब सारखी नसतात, म्हणून प्रत्येक हाबाकी त्या-त्या पात्याचे माप घेऊनच करावी लागते. पात्यावर लोहाराची सही असते. हाबाकीवर सहसा कोणाचेही नाव नसते.

आम्ही मोडक्या जपानीत विचारले, "हे शिकता येईल का?" त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते कळले नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी त्यांनी घराचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "बघायला या."

जपानात तलवारीचे पाते कोणालाही घडवता येत नाही. त्यासाठी परवानाधारक लोहाराकडे निदान पाच वर्षे उमेदवारी करून सरकारी परवाना मिळवावा लागतो. पात्याची नोंदणीही सक्तीची असते. धातूच्या या जोडभागांना मात्र असा परवाना लागत नाही. म्हणून आमच्यासारख्या परक्या मास्तराला त्या कामात शिरता आले.

सेन्सेईंची कार्यशाळा म्हणजे घरामागची आठ-दहा हात लांबीची खोली. एका उंच फळीवर त्यांचे देवघर होते. आम्ही वुझू करायला पाणी कुठे घ्यावे असे विचारले तेव्हा त्यांनी नळ दाखवला आणि नमाजासाठी स्वतः एक कोपरा झाडून दिला. पुढे त्यांनी त्याविषयी काही विचारले नाही, आम्हीही त्यांच्या फळीविषयी विचारले नाही.

पहिला महिना आम्ही फक्त पाहिले. मग त्यांनी सरावासाठी लोखंडात घासून केलेला पात्याचा बुंधा दिला. खऱ्या पात्यावर नवशिक्याची कानस चालू देत नाहीत. सोबत तांब्याची एक जाड पट्टी दिली आणि हातोडी हातात ठेवली.

वर्गात आम्ही धातूंचे गुणधर्म शिकवतो. मराठीत ज्याला वर्धनीयता म्हणतात त्याला आमच्या उर्दू पुस्तकात वरकपज़ीरी असा सुरेख शब्द आहे. शब्द सुरेख, पण तांबे हातोडीखाली कसे वागते हे आम्हाला ठाऊक नव्हते. तांबे ठोकत गेले की ते कडक होत जाते. मग त्याला मंद लाल होईपर्यंत ताव द्यायचा आणि पाण्यात बुडवायचे, की ते पुन्हा मऊ होते. पोलाद तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते, तांबे मऊ होते. हा फरक आम्ही दहा वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. हाताला तो पहिल्यांदा तिथे कळला.

पट्टीची दोन्ही टोके ठोकून पातळ करायची. मधला भाग जाड ठेवायचा, तो पाठीच्या बाजूला येतो. मग पट्टी बुंध्याभोवती दुमडायची. धारेच्या बाजूला दोन्ही टोके भेटतात. त्यांच्यामध्ये तांब्याची एक बारीक पाचर बसवायची आणि टाकणखार लावून चांदीच्या झाळेने जोडायची. खाचेवर येऊन टेकते ती हीच पाचर. नंतर हळूहळू ठोकत हाबाकी बुंध्यावर आवळायची आणि बाहेरून कानशीने आकार द्यायचा.

लिहायला एक परिच्छेद लागला. करायला पाच महिन्यांचे रविवार लागले.

पहिल्या वेळी आम्ही घाईने जाळ वाढवला. चांदी वितळून नको तिथे पसरली आणि पाचर तिरकी होऊन बसली. दुसऱ्या वेळी ताव न देता ठोकत राहिलो, दुमडीवर केसाएवढी भेग पडली. तिसरी हाबाकी चांगली झाली असे वाटले. सेन्सेईंनी ती बुंध्यावर चढवली, दोन बोटांनी हलवून पाहिली. ती हलली. आम्ही आतून एक कानस जास्त फिरवली होती. "घासलेले परत येत नाही," एवढेच ते म्हणाले आणि तुकडा मोडीच्या डब्यात टाकला. रागावले नाहीत. त्यामुळे जास्त लागले. आमच्या वर्गात तिसऱ्यांदा चुकणाऱ्या मुलाला आम्ही काय-काय बोलतो, ते बसमध्ये आठवत राहिले.

2023 च्या रमजानमध्येही आम्ही जात होतो. जाळाजवळ घसा कोरडा पडायचा. दोन रविवारांनंतर लक्षात आले की सेन्सेईंनी आमच्यासमोर चहा घेणे बंद केले आहे.

असेच एकदा काम चालू असताना त्यांनी विचारले, "तुमचे वडील काय करतात?"

आम्ही थांबलो. जून महिन्यातली मुले थांबतात तसेच थांबलो. जपानीत 'व्यापार' हा शब्द आम्हाला येत होता. तो अगदी ओठांवर आला होता. मग म्हटले, "धार लावतात. पूर्वी आमच्या घरात तलवारींना पाणी चढवायचे."

"म्हणजे तोगिशी," सेन्सेई म्हणाले. तलवारीला घासून-पुसून तेज आणणाऱ्याला जपानीत तोगिशी म्हणतात. त्यांनी कानस खाली ठेवली आणि पुढचा प्रश्न विचारला, "कोणते दगड वापरतात?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

तीस वर्षे ज्या घरात त्या दगडांचा आवाज ऐकत वाढलो, तिथे कोणता दगड कशासाठी, हे आम्ही कधी विचारले नव्हते. लाज वाटायची ती धंद्याची वाटायची. आता आमच्या न विचारण्याची वाटली.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. एका बाजूला मिरजेच्या अंगणात अब्बा, दुसऱ्या बाजूला सेन्सेई आणि मध्ये आम्ही दुभाषे. अब्बांनी आधी सायकलवरचे चाक दाखवले. मग आत जाऊन आजोबांचे जुने चाक आणले. कुरुंदाची पूड लाखेत कालवून, थापून असे चाक घरीच करायचे, हे त्यांनी सांगितले. भरड पूड वेगळ्या चाकाला, बारीक वेगळ्या. शेवटचा हात चामड्यावर. आम्ही हे सारे पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकता-ऐकता जपानीत सांगत होतो. सेन्सेईंनी त्यांच्या शेजारच्या तोगिशीची रीत सांगितली. भरड दगडापासून बारीक दगडापर्यंत पाणी लावत-लावत पाते घासायचे आणि अखेरीस दगडाची कागदाएवढी पातळ चिप अंगठ्याखाली धरून पात्यावरून फिरवायची. अब्बांनी लगेच आपला अंगठा मोबाईलसमोर धरला. तो घासून-घासून चपटा झालेला होता. सेन्सेई मोठ्याने हसले आणि त्यांनी आपला अंगठा दाखवला.

त्यानंतर आम्ही थोडे वाचू लागलो. जपानात 28 मार्च 1876 रोजी फर्मान निघाले की सैनिक, पोलीस आणि सरकारी पोशाखातले अधिकारी सोडून कोणीही तलवार लावून फिरू नये. तलवारीचे जोडभाग करणाऱ्या हजारो हातांचे काम गेले. आपल्याकडे अवघ्या दोन वर्षांनी, 1878 मध्ये, इंग्रजांनी शस्त्रास्त्र कायदा केला. दोन देश, दोन वेगळी कारणे, पण कारागिराच्या चुलीवर पडलेली राख सारखीच.

पुढे काय झाले ते मात्र वेगवेगळे आहे. कानो नात्सुओ हा तलवारीचे जोडभाग करणारा थोर कारागीर. त्याला सरकारने नव्या टांकसाळीच्या नाण्यांच्या कामाला बोलावले आणि 1890 मध्ये टोकियोच्या कलाशाळेत प्राध्यापक केले. त्याच्यासारखे बरेच जण फुलदाण्या आणि डबे घडवू लागले, ते परदेशी विकले गेले. तांब्यात थोडे सोने मिसळून निळसर काळा रंग आणणारी शाकुदो ही मिश्रधातू तलवारीवरून उतरली आणि फुलदाण्यांवर चढली. ती पाहताना आम्हाला बिदरचे काम आठवले. तिथेही जस्ताच्या भांड्याला किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून काळे करतात आणि चांदी उठून दिसते.

आमच्या मिरजेतही असे एक वळण घडले होते. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी शस्त्रे सोडून तंतुवाद्ये हातात घेतली आणि सतारमेकर घराणे उभे राहिले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांच्या हाती भोपळा आणि तार आली त्यांना नाव मिळाले. ज्यांच्या हाती सायकल आली, त्यांची मुले अर्जात 'व्यापार' लिहू लागली.

जपानात होनआमी नावाचे एक घराणे आहे. पिढ्यान्‌पिढ्या तलवारी घासणे आणि पारखणे हेच त्यांचे काम. त्याच घराण्यात 1558 साली कोएत्सु जन्मला, आणि सुलेखन व मातीकाम यांत त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. म्हणजे आमच्या भाषेत बोलायचे तर तो शिकलगाराचा मुलगा. ते वाचले त्या रात्री आम्हाला लवकर झोप आली नाही.

पण तिकडे सगळे गोड आहे असे समजू नये. सेन्सेईंचा मुलगा मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. त्याने हे काम घेतले नाही, आणि सेन्सेईंनी आग्रहही केला नाही. "हाबाकीवर घर चालत नाही," ते म्हणाले. संग्रहालय आहे, परवाने आहेत, मोठ्या कारागिरांना राष्ट्राचा ठेवा म्हणून मान आहे, तरीही शागिर्द नाही. मान मिळाला म्हणजे रोजी मिळते असे नाही. फरक इतकाच की तिकडे मुलगा काम सोडतो तेव्हा वडिलांचा धंदा लपवत नाही.

चौथी हाबाकी हलली नाही. खाचांवर येऊन थांबली आणि दिव्यासमोर धरली तर कुठून उजेड येत नव्हता. फक्त पाठीच्या बाजूला एक कड किंचित झुकलेली राहिली. ती आमच्याआधी सेन्सेईंना दिसली. ते म्हणाले, "नवशिक्याची आहे, असू द्या." मग तिच्यावर तिरके बारीक ओरखडे काढायला शिकवले. या कामाला तिकडे मांजराचे ओरखडे असेच म्हणतात. शेवटी रंग. पांढरा मुळा किसून तांब्याला चोळायचा, म्हणजे डाग पडत नाहीत, आणि मग ताम्रक्षारांच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. गुलाबी तांबे आमच्या डोळ्यांदेखत काळपट तांबूस झाले. विज्ञानाच्या मास्तराला त्याचे समीकरण मांडता आले असते. त्या दिवशी मांडावेसे वाटले नाही.

मार्च 2024 मध्ये आम्ही घरी परतलो. रमजान चालू होता. इफ्तारनंतर सेकीची सुरी अब्बांच्या हाती दिली. त्यांनी नखावर धार पाहिली आणि मान डोलावली. मग आम्ही रुमालातून हाबाकी काढली. त्यांनी चष्मा लावला. आतून बोट फिरवले, बाहेरून अंगठा फिरवला. पाठीच्या कडेवर अंगठा थांबला.

"यहाँ थोडा टेढा है."

"हौ, अब्बा."

"कितने दिन लगे?"

"पाँच महिने."

"पाँच महिने!" अब्बा बराच वेळ हाबाकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "फिर उनकू रोजी कैसी पडती?"

आम्ही सेन्सेईंची सारी हकीकत सांगितली. त्यांच्या मुलाचीही. अब्बा काही बोलले नाहीत. आम्हालाही बाजारातल्या त्या दिवसाविषयी बोलायचे होते. दीड वर्ष मनात जुळवून ठेवलेली वाक्ये होती. ती निघाली नाहीत. त्याऐवजी आम्ही म्हटले, "अब्बा, लाख और कुरुंद का चाक कैसा बनाते, मेरेकू एक बार बताव ना." ते म्हणाले, "ईद होने देव."

ईदनंतर दोन रविवार आम्ही अंगणात बसलो. पहिले चाक तडकले. दुसरे बरे झाले. सुट्ट्या संपल्यावर आठवीच्या मुलांना ते वर्गात नेऊन दाखवले आणि कठीणपणाचा पाठ त्यावरूनच घेतला. चाक कोणी केले असे एकाने विचारले, तेव्हा आम्ही न थांबता सांगितले.

आता जूनमध्ये मूल 'मजदूरी' म्हणाले की आम्ही विचारतो, "किस चीज़ की?" मग कोणी गवंडी सांगते, कोणी कल्हई, कोणी गादी पिंजण्याचे काम. तेच आम्ही रकान्यात लिहितो. लहान रकाना आहे, पण मावते.

हाबाकीला तलवार नाही. ती अब्बांनी अंगणात सानेच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. धार लावायला आलेले लोक हे काय म्हणून विचारतात. अब्बा म्हणतात, "बच्चे ने बनाया. थोडा टेढा है."